वाडीचं आरमार

२ डिसेंबर

आजपासून सुनीलच्या टपरीवर चहाचा कप लहान झाला. या घटनेची कुठं तरी लेखी नोंद असावी म्हणून बंद पडलेली ही वही पुन्हा काढली. काचेचा ग्लास गेला आणि कागदी कप आला. कप कसला, लहान पोराला औषध पाजायचं झाकण. पहिल्या घोटाला जीभ पोळते आणि दुसरा घोट घ्यावा तर तळ दिसतो. दिवसाला सहा चहा पिणाऱ्या माणसानं जायचं कुठं? सुनीलला तसं ऐकवलं तर म्हणाला, "भाऊ, सहाचे बारा करा." माझा बाप मेंढरं घेऊन पाटलांच्या दारी गेला की त्याला वळचणीला खोचलेला कान तुटका कप मिळायचा. अपमान होता खरा, पण कप तरी मोठा होता.

बाकी विशेष नाही. वेशीत माजी सैनिकांच्या नावांची शिळा बसवायचं ठरलंय. काळा दगड, मंचरचा कोरणारा, २६ जानेवारीला अनावरण. समितीचे अध्यक्ष सावळाराम अण्णा, सुभेदार म्हणून रिटायर झालेले, अजूनही सगळ्या गावाला हजेरीवर उभं करतात. माझं नारायणगावला फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान आणि वर साप्ताहिकात दर आठवड्याला खवचट सदर, म्हणजे मला अक्षर कळतं असा गावाचा समज. नावं तपासायची आणि मजकूर लावायचा हे काम माझ्या गळ्यात. बदल्यात शिळेच्या तळाला एक ओळ : शब्दांकन, पुढं माझं नाव. दगडावर नाव म्हटल्यावर मी जास्त आढेवेढे घेतले नाहीत.

५ डिसेंबर

यादीत भरतीच्या सालाप्रमाणे चोवीस नावं. सातवं नाव सोपान बाबांचं, भरती १९५७. वय सत्त्याऐंशी, कानानं ठार बहिरे. त्यांच्या सूनबाई, अंजना वहिनी, घरी होत्या. अंगणातून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या दोन थाळ्या दिसतात, आभाळाकडं तोंड करून ऐकत बसलेल्या. बाबा त्यांच्याकडं तोंड करून बसले होते. त्यांनी जय भीम घातला, मी नमस्कार केला.

त्यांचं सांगणं असं. ते आर्मीत होते. समुद्रकाठी एका टेकडीवर मोठी तोफ होती, तिच्यावर. तोफ जहाजावरची. मी कानाशी ओरडून विचारलं, कुठल्या जहाजावर होतात? तर म्हणाले, जहाजावर नव्हतोच. इंग्रजांचं जुनं लढाऊ जहाज मोडीत निघालं, त्याच्या तोफा काढून टेकडीवर बसवल्या, आणि त्या चालवायला आर्मीची माणसं. कागद? डिस्चार्ज बुक चौऱ्याहत्तर साली जमिनीच्या अर्जाला जोडलं, ते साहेबाच्या टेबलावरून परत आलंच नाही. तोफेचा नंबर मात्र तोंडपाठ : तीनशे एक्क्याण्णव, बुडाला ठोकलेला.

म्हणजे तोफ नेव्हीची, माणूस आर्मीचा, नोकरी समुद्रावर आणि पाय जमिनीवर. मला तिथंच लेख दिसायला लागला.

अंजना वहिनींनी चहा आणला. म्हटलं, चहा सोडलाय, पित्त होतं. ग्लास स्टुलावर तसाच राहिला. निघालो तेव्हा वर साय धरली होती. येताना टपरीवर दोन कप घेतले. दोन म्हणजे जुन्या मापानं एकच.

एक विचारायचं राहिलं. यात्रेत उखळीचा बार उडायच्या आधी म्हातारा आ वासून उभा राहतो. का, ते कधी कुणी विचारलं नाही. मीही मुद्दाम सोडून दिलं. कारण कळलं की विनोद मरतो.

१२ डिसेंबर

यादी अण्णांकडं दिली. चोविसावं नाव तपासेपर्यंत संध्याकाळ झाली होती. सोपान बाबांच्या नावावर लाल पेनानं फुली मारली आणि समोर लिहिलं : पुरावा नाही, सांगण्यात विसंगती. आर्मी की नेव्ही, हेच माणसाला धड सांगता येत नसेल तर दगडावर काय कोरायचं? अण्णांनी फुली बघितली, मान हलवली, पान उलटलं. समितीनं यादी तशीच मंजूर केली.

जातीबितीचा यात काही संबंध नाही. कुणी विचारलेलं नाही, तरी लिहून ठेवतो. मी सगळ्यांचीच टिंगल करतो.

१६ डिसेंबर

"वाडीचं आरमार" छापून आला. नाव कुठं घेतलं नाही, पण वाडीत तोफेवाला म्हातारा एकच. काही वाक्यं साधली आहेत : "आमच्या वाडीपासून समुद्र दीडशे किलोमीटर लांब असल्यामुळे शत्रूचं जहाज अजून इथवर आलेलं नाही, याचं श्रेय एका माणसाला जातं." आणि "बार उडताना हा वीर तोंड उघडतो. गोळा तोंडानं झेलायची आरमाराची ही पद्धत असावी." बहिरेपणावरही एक ओळ आहे, ती इथं पुन्हा उतरवत नाही.

दिवसभरात एकतीस फोन आले. मंचरच्या अडत्यानं तर लेख व्हॉट्सॲपवर वाचून दाखवला, स्वतःच्या आवाजात. हिरानं, म्हणजे बायकोनं, वाचला आणि घडी घालून डब्याखाली ठेवला. कसा वाटला विचारल्यावर म्हणाली, "चांगला लिवलाय." आणि भाकरी थापायला लागली. तिच्या बोलण्यात चांगला हा शब्द कुठं वापरायचा, त्याचे तिचे नियम आहेत.

२४ डिसेंबर

सोपान बाबा रोज सकाळी टपरीसमोरच्या कट्ट्यावर बसायचे, एकटेच, काठी दोन गुडघ्यांत धरून. आठवडा झाला, जागा रिकामी आहे. सुनील आज म्हणाला, पोरं मागून जाऊन "धडाम" करतात. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, पण पुढचे लोक हसताना दिसतात ना.

मी म्हटलं, थंडी आहे, म्हणून येत नसतील.

सुनीलनं न मागता दुसरा कप भरला. त्याला बहुतेक वाटलं, माझं अजून काही बोलायचं राहिलंय.

२ जानेवारी

आज दुकानात तेजस्विनी आली. बाबांची नात, दुर्बिणीवर तांत्रिक कामाला आहे. मला वाटलं भांडायला आली. तिनं पिशवीतून साप्ताहिकाचा अंक काढला, काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "काका, यातलं खोटं नक्की काय आहे, तेवढं खूण करून द्या."

मी म्हटलं, अगं, विनोदी लेख आहे.

ती म्हणाली, ते कळलं. पण यादीतून नाव गेलंय ते विनोदात गेलंय का खरंच, एवढं सांगा. मी म्हटलं, समितीचा निर्णय आहे. पुरावा नाही. मागं मशीनमधून कुणाच्या तरी वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स बाहेर येत होता.

मग तिनं कागदाचा एक चिठोरा दिला. टेकडीचं ठिकाण, तोफेचा नंबर. तिथवर ती एकदा जाऊन आली होती, पण तेव्हा फाटक बंद होतं. आता उघडं असतं म्हणतात. "तुम्ही लिहिलंय, तर बघूनही तुम्हीच या," म्हणाली.

जाताना दारात थांबली. "आजोबा दर वर्षी एक जानेवारीला कोरेगावला स्तंभाला जातात. माझ्या जन्माच्या आधीपासून. तिथं नावं कोरलीत, ती बोटानं वाचतात. काल म्हणाले, यंदा नको."

फ्लेक्सवरच्या वाढदिवसवाल्याचं नाव चुकीचं छापलं गेलं. पुन्हा काढावा लागला.

५ जानेवारी

मुंबईला फ्लेक्सचे रोल आणायचेच होते. हे आधी लिहितो, कारण मी मुद्दाम गेलो असं कुणाला वाटू नये. तसं वाटणारा इथं माझ्याशिवाय कुणी नाही, हेही खरं.

मुंबईच्या धक्क्यावरून लाँचनं बेटावर उतरल्यावर अर्धा तास चढ. करवंदीच्या जाळ्या, मध्ये पडक्या खोल्या. वर सपाटीला, सिमेंटच्या गोल खड्ड्यात, ती. मी आपली गडावर असते तशी तोफ डोक्यात धरून गेलो होतो, चाकाची. ही माझ्या दुकानापेक्षा लांब. गंजलेली, तोंड अजून समुद्राकडं. नळीवर कुणी पांढऱ्या रंगानं बदाम काढलेला आणि सावलीला चार शेळ्या रवंथ करत बसलेल्या. धनगराचं पोर मी, आधी शेळ्या मोजल्या.

तिथला राखणदार नेव्हीतून रिटायर झालेला निघाला. त्याला विचारलं. त्यानं मला समजावून सांगितलं, पाचवीच्या पोराला सांगतात तसं. ही १९०० नंतरच्या पाच-सहा वर्षांत घडवलेली. आधी ब्रिटिशांच्या जहाजावर होती. जहाजं जुनी होऊन भंगारात गेली, पण तोफा धड होत्या, म्हणून काढून किनाऱ्यावर बसवल्या. आर्मीचे गनर तिच्यावर असायचे. साठच्या पुढं कधी तरी किनाऱ्याचं हे काम नेव्हीकडं गेलं.

म्हणजे तोफ नेव्हीची, माणूस आर्मीचा. त्याला यात विसंगती दिसली नाही.

मग मी विचारलं, बार उडताना गनर काय करायचे? तो हसला. कानावर हात ठेवायला हात मोकळे नसतात, म्हणाला, म्हणून तोंड उघडायचं. बंद ठेवलं तर हवेच्या दणक्यानं कानाचा पडदा जातो. उघडं ठेवूनही बहुतेकांचे गेलेच. आणि त्यानं मला करून दाखवलं. समुद्राकडं तोंड करून, आ वासून उभा राहिला. यात्रेतल्यासारखाच.

मागं जाऊन मी बुडाशी वाकलो. रंगाचे तीन थर होते. घराच्या किल्लीनं खरवडलं. आधी एक आला, मग नऊ, मग तीन. उलट्या बाजूनं खरवडत होतो म्हणून. ३९१.

किल्लीचे दात बोथट झाले. घरी आल्यावर दाराचं लॅच उघडेना. हिरानं आतून दार उघडलं.

६ जानेवारी

रोल आणायचे राहिले.

९ जानेवारी

हिराला सांगितलं. भांडी घासता घासता तिनं ऐकलं. मी म्हटलं, पण कागद नव्हता हे तर खरं ना? नियम तो नियम.

ती म्हणाली, "आवो, बाकीच्यांचे किती कागद बघितले तुमी?"

रागानं फाईल काढली, तिला दाखवायला. चोवीस नावं. कागद जोडलेले तेरा. अकरा जणांचा कागद नाही. आठवलं सगळं. एकाच्या भावानं सांगितलं होतं, एकाचा फोटो भिंतीवर होता टोपी घातलेला, एकाला तर अण्णाच म्हणाले होते, माझ्या माहितीतला आहे, लिही. मी लिहिलं. त्या घरांत चहाही घेतला, दोन ठिकाणी पोहे. अकरांतल्या दहांसमोर बरोबरची खूण, माझ्या हातची. फुली एकच.

फाईल हिराला दाखवली नाही. तिनं मागितलीही नाही.

बारा डिसेंबरला या वहीत एक वाक्य लिहिलंय मी, कुणी न विचारता. ते आज वाचलं. खोडणार होतो. राहू दे.

१३ जानेवारी

अण्णांना भेटलो. ते आपले छाती काढून बसलेले. सगळं सांगितलं. तोफ, नंबर, राखणदार. अण्णा म्हणाले, मला ठाऊक होतं अशा तोफा असतात. मी चमकलो. मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "फुली तुझी होती. मला वाटलं, तुला काही कळलं असेल." अण्णांनी मला दोष दिला नाही. स्वतःलाही नाही.

अडचण दुसरीच. कोरणाऱ्याला फोन लावला तर तेवीस नावं कोरून झालीत. सातव्या जागी घुसवता येणार नाही. नवा दगड २६च्या आत मिळणार नाही. मोकळी जागा फक्त तळाला, एका ओळीची. तिथं शब्दांकन यायचं होतं, शेवटच्या दिवशी.

मी म्हटलं, तिथं कोरा. अण्णा म्हणाले, मग तुझं नाव? मी म्हटलं, माझं दर आठवड्याला छापून येतं. हे बोलताना आपण फार मोठं काही करतोय असं वाटलं. घरी येईपर्यंत ते उतरलं. चोवीस माणसांत तो सातवा, आणि मी त्याला शेवटी उभा करून आलो.

१७ जानेवारी

साप्ताहिकासाठी खुलासा लिहिला. "यादीत एक नाव अनवधानाने राहून गेले होते." हिराला वाचून दाखवला.

"अनवधानानं? लाल पेनानं?" म्हणाली.

फाडला. दुसरा लिहिला, चार ओळींचा. मी ज्याला हसलो, ते खरं होतं. फुली मी मारली. त्यात एकही विनोद नाही. संपादकाचा फोन आला, बरं वाटत नाही का म्हणून.

२० जानेवारी

शिळेवरच्या शेवटच्या ओळीचा मजकूर दाखवायला सोपान बाबांकडं गेलो. वाटेत ठरवलं होतं, हळू आवाजात सांगायचं, दोघांतच. पण बहिऱ्या माणसाला हळू आवाजात काय सांगणार?

"बाबा, माझी चूक झाली," म्हटलं.

"आं?"

"चूक झाली माझी."

"कोन मेली?"

शेवटी कानाशी तोंड नेऊन ओरडलो : फुली मी मारली. शेजारच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. पलीकडची बाई धुणं टाकता टाकता थांबली. गल्लीत दोन दारं उघडली. अख्ख्या आळीला कळलं आणि सगळ्यात शेवटी बाबांना.

त्यांनी माझा चेहरा जवळून निरखला. मग म्हणाले, "जानकूचा ना तू? तुझा बाप आमच्या रानात मेंढरं बसवायचा. लई गप माणूस."

कागद हातात दिला. मी लिहिलं होतं, हवालदार सोपान. हा हुद्दा मीच लावला होता. वाटलं, शेवटी टाकलंय तर निदान काही वर चढवावं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. माझ्या खिशातलं पेन मागितलं. लालच होतं. हवालदार या शब्दावर सावकाश फुली मारली.

"गनर व्हतो मी. हवालदार न्हाई." पेन परत देत म्हणाले, "खोटं कोरलंस तर तूच परत लेख लिवशील."

अंजना वहिनी दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमाला चहा चालत न्हाई. पानी आनते." त्यात टोमणा होता का नव्हता, कळलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. पाणी प्यालो.

२६ जानेवारी

अनावरण झालं. तळाची ओळ : गनर सोपान, भरती १९५७. वरच्या सगळ्यांपेक्षा अक्षर बारीक, कारण जागा तेवढीच. वरून सातव्या ओळीत एकोणीसशे एकसष्टचा कुणी आहे. तेजस्विनीनं बोटानं वरून खाली मोजलं आणि माझ्याकडं बघितलं. एवढंच म्हणाली, "आजोबा सातवे होते, काका."

हो, म्हटलं.

बाबांनी ओळ बोटानं वाचली. दोनदा. तिसऱ्यांदा फक्त साल वाचलं.

मग उखळी. अण्णांनी तीन बारांची सलामी ठेवली होती. वात पेटवायला माणूस वाकला आणि बाबांनी काठी घट्ट धरली, तोंड उघडलं. मागं पोरं खिदळायला लागली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मी त्यांच्यापुढंच उभा होतो. मीही तोंड उघडलं. चांगलं मोठं, सगळ्यांना दिसेल असं. किडलेल्या दाढाही दिसल्या असतील. पोरं गप्प झाली की जास्त हसली, ते कळलं नाही, कारण बार उडाला. कान शाबूत राहिले. तिन्ही बारांना तसाच उभा होतो.

बाबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. हनुवटी अजून थोडी खाली घे, असं बोटानं दाखवलं.

लोक पांगले. सुनीलनं टपरीवरून हाक मारली, कप भरून ठेवला होता. हात केला आणि बाबांच्या घराकडं वळलो. अंजना वहिनी नुकत्याच परत येऊन चुलीशी बसत होत्या. उंबऱ्यात चपला काढल्या.

"वहिनी, चहा ठेवा. साखरेचा."

त्यांनी मान वर केली. "आन् तुमचं पित्त?"

"पित्त कधी नव्हतं."

त्यांनी चुलीत लाकूड सारलं. आधण ठेवलं. बाबा अंगणात येऊन आपल्या जागी बसले, थाळ्यांकडं तोंड करून. स्टीलचा ग्लास आला, तोच मोठा, काठोकाठ भरलेला. पाच डिसेंबरचा चहा. साय धरायच्या आत सगळा प्यालो.